मामीच्या हातची काडतुसं

टून्हेइम
२३ एप्रिल १९७४

गुन्वोर वहिनी,

आज तुझी खुशाली विचारत नाही. मनात नसताना कागदावर गोड लिहायची मला सवय नाही.

स्टाइनारच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. रविवारी तुमच्या लियाविकच्या मैदानावर माझा मुलगा नेमबाजीच्या स्पर्धेत उतरला होता. दुसऱ्या गोळीला त्याने चाप ओढला आणि जाळाचा फुत्कार रायफलीच्या मागच्या अंगाने सरळ त्याच्या तोंडावर आला. भुवई जळाली. गालातून डॉक्टरांनी पितळेचे कण चिमट्याने काढले. बुबुळ वाचलंय म्हणतात, पण दिसेल किती ते पट्टी निघाल्यावर. आउड, म्हणजे माझी सून, आत जाऊन रडते आणि बाहेर येऊन हसते. तो लाकूडगिरणीत करवतीवर आहे. एका डोळ्याच्या माणसाला करवतीवर कोण उभं करील?

काडतुसं तुझ्या हातची होती. डबी त्याच्या चटईशेजारी पडलेली होती आणि झाकणावरचं अक्षर तुझं आहे. नाताळात त्याला मोजे विणून पाठवलेस तशी ही डबीही प्रेमाने पाठवली असशील. तुझं प्रेम मला महागात पडलं.

माझ्या भावाला, अस्लाकला, मी पूर्वीच म्हटलं होतं, बटाटे सोलायच्या टेबलावर बंदुकीची दारू मोजणारी बायको मी जन्मात पाहिली नाही. तेव्हा तो हसला होता. म्हणाला, ताई, गुन्वोरचा हात म्हणजे चर्चच्या घड्याळासारखा आहे. आता हसतो का विचार त्याला.

तुमच्या रायफल मंडळाचे अध्यक्ष ब्रिन्युल्फ यांनी काल फोन केला. सभ्य माणूस. म्हणाले, २५ मेच्या शनिवारी सभा आहे. गुन्वोरबाईंच्या निष्काळजी भरणीमुळे अपघात झाला असा ठराव नावानिशी मंडळाच्या वहीत लिहिणार, आणि घरी भरलेली काडतुसं यापुढे मैदानावर आणू देणार नाही. मी म्हटलं, जरूर लिहा.

तुरबोर्ग


लियाविक
२७ एप्रिल १९७४

वन्सं,

स्टाइनारच्या डोळ्यासाठी मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करते आहे. बुधवारी प्रार्थनाघरात सगळ्यांनी उभं राहून त्याचं नाव घेतलं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला राग येणार आहे आणि तो यावा असंच मी लिहिणार आहे.

ती डबी मी स्टाइनारला पाठवली नाही, दिली नाही, द्या म्हणून सांगितलं नाही. त्या दिवशी मी मैदानावर नव्हतेच. रविवारी रायफलीचे आवाज ऐकायला मी जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच त्यावरून मला दर नाताळात टोचता. मी प्रार्थनाघरातून घरी येऊन मटण शिजवत होते, तेव्हा शेजारच्या पोराने येऊन सांगितलं की तुमच्या भाच्याचं तोंड भाजलं.

तुमच्या भावाला मी त्याच संध्याकाळी विचारलं, डबी स्टाइनारकडे गेली कशी. म्हणाला, माहीत नाही. डबी माझ्या पिशवीत होती, पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, पोराने चुकून उचलली असेल.

आता बटाट्याच्या टेबलाबद्दल. मी काडतुसं भरायला बसते तेव्हा टेबल सोड्याने पुसलेलं असतं, मांजर बाहेर असतं, रेडिओ बंद, कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलेलं. दारूचा एकच डबा समोर, दुसरा कपाटात कुलपाआड, म्हणजे हात चुकायलाच नको. प्रत्येक पुंगळीत तराजूवर तोललेली दारू जाते. गोळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या दिव्याखाली उभ्या करून मी आत बघते. एकीची पातळी शेजारणीहून वर दिसली तर सगळ्या ओतून पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळात अस्लाकसुद्धा माझ्याशी बोलत नाही. बोलला तर मी उत्तर देत नाही. विकतच्या काडतुसांत असं कोण बघतं? शिवाय पुंगळ्या पुन्हा वापरता येतात, टाकवत नाहीत मला.

पण वन्सं, ही काडतुसं एकाच रायफलीची असतात. अस्लाकची नळी जुनी आहे. नळीत जिथून खाचा सुरू होतात, ती जागा इतक्या वर्षांच्या माऱ्याने झिजून पुढे सरकली आहे. म्हणून मी गोळी पुंगळीतून जरा जास्त बाहेर काढून बसवते, ती खाचांच्या जवळ पोचावी म्हणून. त्यानेच नेम एका जागी बसतो. स्टाइनारची रायफल नवी कोरी. तिच्यात तीच गोळी आधीच खाचांत घट्ट रुतते. मग आतला जोर वाढतो आणि काडतुसाच्या बुडातली टोपी फोडून जाळ मागे बाहेर येतो. हे रायफलवाल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा. दुसऱ्याच्या घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हे मैदानावर पाऊल ठेवलं की पहिलं शिकवतात. मंडळाच्या नियमांतही आहे. स्टाइनारला शिकवलं नव्हतं का कोणी?

निष्काळजीपणा झाला. तो भरण्यात झाला नाही, हाताळण्यात झाला. डबी त्याच्या हातात कशी आली ते त्याला विचारा आणि मला कळवा. त्या वहीत आजवर माझं नाव फक्त वाफल्स आणि कॉफीबद्दलच्या आभारांत आलेलं आहे. ते 'निष्काळजी' या शब्दाशेजारी लिहून घ्यायला मी तयार नाही.

गुन्वोर


टून्हेइम
३ मे १९७४

गुन्वोर,

'पोराने चुकून उचलली असेल.' किती जपून लिहिलंस. माझ्या मुलाने मामाच्या पिशवीत हात घातला, असंच ना? सरळ चोर म्हण, शाई तेवढीच लागते.

पट्टी निघाली. दिसतं, पण धुक्यातून दिसावं तसं. डॉक्टर म्हणतात हळूहळू निवळेल. तुझ्या प्रार्थनेबद्दल आभार. लाभ झाला असेल तर तुझाच, माझं देवाच्या वहीत फारसं काही जमा नाही.

तुझ्या सांगण्यावरून त्याला विचारलं. तो म्हणाला, 'मामीचा काही दोष नाही, आई.' पुढे एक अक्षर नाही. मी पुन्हा विचारलं तर उठून लाकडं फोडायला गेला, तेही एका डोळ्याने. हा त्याचा चांगुलपणा आहे. ज्या बाईने मोजे विणले तिच्यावर बोट ठेवायचं नाही, असा त्याचा स्वभाव. आउडला काही ठाऊक असेल म्हणून तिला विचारलं, तर ती म्हणाली, सासूबाई, त्यांनी कोणाला तरी शब्द दिलाय. कोणाला? म्हणाली, मला नका विचारू. सुनांना सगळं ठाऊक असतं आणि सासूला मात्र खिडकीतून बघत बसायचं.

नवी नळी, जुनी नळी, खाचा, हे सगळं मला सांगू नकोस. मी बेकरीत आयुष्य काढलं. पाव करपला तर मी गिऱ्हाइकाला भट्टीचं शास्त्र सांगत बसत नाही.

तुरबोर्ग


लियाविक
१० मे १९७४

वन्सं,

पाव करपला नव्हता. कोणीतरी तो दुसऱ्याच भट्टीत घातला. एवढं कळायला बेकरी पुरे होती.

स्टाइनारला दिसायला लागलं हे वाचून मी स्वयंपाकघरात गुडघे टेकले. त्यानंतर कोट घातला आणि ब्रिन्युल्फच्या दुकानात गेले. त्याच्याकडे त्या डबीतली उरलेली काडतुसं आहेत. मी सोबत तराजू नेला होता, टॉवेलात गुंडाळून. म्हटलं, गिऱ्हाइकांसमोर एकेक उघडा, दारू तोला. एकात जरी कमी-जास्त निघाली तरी मी स्वतः ठरावावर सही करते. त्याने तराजूकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, 'गुन्वोरबाई, माप बरोबर असेल हो, पण डोळा गेला ना.' डोळा गेलेला नाही असं मी म्हटलं. तो म्हणाला, तेच ते. मागच्या फळीवर विकतच्या काडतुसांच्या डब्या छान रचून ठेवल्या होत्या. घरची काडतुसं बंद झाली तर त्या किती खपतील हे मला कळत नाही असं त्याला वाटत असावं. मी विचारलं, मग डबी दिली कोणी ते तरी शोधा. म्हणाला, त्याने काय होणार, सगळे आपलेच लोक आहेत.

मी कोणाची आहे मग?

दुकानात तीन बायका होत्या. मी आत जाईपर्यंत बोलत होत्या. मंगळवारी शिवणमंडळात माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मॅडागास्करच्या मिशनसाठी आम्ही बारा बायका एकाच चादरीवर भरतकाम करतो, चादर माझ्यापुरती लांब ओढावी लागली. पाद्रीबाईंनी आल्या आल्या विचारलं, अजून भरता का हो तुम्ही ती? ज्या आवाजात दारुड्याच्या बायकोला विचारतात त्याच आवाजात.

सगळ्यांत वाईट घरी. अस्लाकला माझी लाज वाटते. तो पहाटेच फेरीबोटीवर निघून जातो, त्याची पाळी नसताना. संध्याकाळी येऊन भांडी घासतो. लग्न झाल्यापासून या माणसाने पेला विसळला नव्हता. मी त्याला म्हटलं, सभेत तू उठून सांग की माझी भरणी कशी असते, तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तो भांडी पुसत म्हणाला, जाऊ दे गुन्वोर, लिहिलं नाव तर लिहिलं, देवाला ठाऊक आहे ना. जूनमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, आत्ता मंडळात वाद नको.

देवाला ठाऊक आहे याबद्दल मला शंका नाही. पण देवाचं नाव स्वतःच्या गप्प बसण्यावर झाकण म्हणून ठेवायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

स्टाइनारने शब्द कोणाला दिलाय ते शोधा. मला ठाऊक असणं पुरेसं नाही, वहीत जायच्या आधी ते बाहेर आलं पाहिजे.

गुन्वोर


टून्हेइम
१८ मे १९७४

प्रिय गुन्वोर,

तुमच्याकडे सतरा मेची राष्ट्रदिनाची मिरवणूक कशी झाली? आमच्याकडे पाऊस होता, पण पोरांनी झेंडे खाली ठेवले नाहीत. स्टाइनार आउडचा हात धरून मिरवणुकीच्या शेवटपर्यंत चालला. डॉक्टर म्हणतात, चष्मा लागेल, पण करवतीवर परत जाता येईल. सगळं बरं झालं म्हणायचं.

सोबत तपकिरी चीजची वडी पाठवते आहे, शेळीच्या दुधाची, तुला आवडते ती. आणि माझ्याकडे तो गुलाबी कपांचा संच पडून आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

रागाच्या भरात मी जे लिहिलं ते विसर. तुझ्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण एक सांगते, मोठी म्हणून. त्या वहीचं इतकं मनावर घेऊ नकोस. रायफल मंडळाची वही कोण वाचतं? दोन वर्षांनी तिच्यावर कोणीतरी कॉफी सांडेल. शनिवारी सभेला जाऊ नकोस, तू त्यांची सदस्यही नाहीस. त्यापेक्षा इकडे ये, आपण दोघी मिळून बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से लाटू. घराची शांती मोठी.

तुझी
तुरबोर्ग


लियाविक
२० मे १९७४

वन्सं,

चीज परत पाठवत नाही, कारण त्यात चीजचा दोष नाही. पण अजून कापलेलं नाही.

तुम्ही मला आयुष्यात दोन वेळा 'प्रिय' म्हटलंय. पहिल्यांदा तुमच्या आईंच्या दफनाला मी सगळ्यांची जेवणं उरकली तेव्हा. त्यामुळे तुमचं पत्र वाचून मी आनंदले नाही, खुर्चीत बसले.

तुम्हाला कळलंय. स्टाइनारने तुम्हाला सांगितलंय की त्यानेच डबी उचलली, आणि आता तुम्ही माझ्या नावावर चीजचा तुकडा ठेवून त्याला झाकताय. कोण वाचतं ती वही, असं तुम्ही म्हणता. तुमच्या बेकरीच्या दारावर कोणी 'हिच्या पिठात अळ्या निघाल्या' असं लिहिलं असतं आणि मी म्हटलं असतं, पावसात जाईल धुऊन, तर तुम्ही मला घरात घेतलं असतं का?

घराची शांती मोठी असेल. पण ती नेहमी एकाच माणसाच्या मानेवर का ठेवायची?

मी शनिवारी सभेला जाणार आहे. सदस्य नसले तरी कॉफी मीच करते, त्यामुळे दार मला बंद नाही. मी सगळ्यांसमोर सांगणार की भाच्याने न विचारता मामाच्या पिशवीतून डबी काढली. त्याचं वय लहान नाही, अठ्ठावीस वर्षांचा बाप्या आहे, केल्याचं त्याला निस्तरता आलं पाहिजे. मला यात आनंद नाही. त्याच्या पायाचं माप माझ्या बोटांना पाठ आहे. पण खोटं माझ्या नावाने लिहिलं जाणार असेल, तर खरं मला त्याच्या नावाने बोलावं लागेल.

गुन्वोर


टून्हेइम
२२ मे, दुपार

गुन्वोर वहिनी,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे, संध्याकाळी तुला मिळेल. फोन केला असता, पण तुमच्या टेलिफोन केंद्रावरची बाई आधी ऐकते आणि मग जोडते.

स्टाइनारने डबी उचलली नाही. त्याला ती दिली. अस्लाकने दिली.

मला बारा तारखेपासून ठाऊक आहे. आउडनेच शेवटी सांगितलं, आणि मग स्टाइनारने मान हलवली. त्या रविवारी त्याची विकतची काडतुसं पांगत होती. सरावाच्या फेरीत एक गोळी वर, एक डावीकडे. मामा मागे उभा राहून बघत होता. पुढे आला, खिशातून डबी काढली आणि म्हणाला, 'घे, तुझ्या मामीच्या हातची आहेत. ह्यांनी चुकलास तर चूक तुझी.' स्टाइनार म्हणाला, दुसऱ्याची घालत नाहीत ना? मामा म्हणाला, दुसरी कोण, घरचीच आहे. पहिल्याच काडतुसाला, ते आत ढकलून बंद करणारा बोल्ट नीट बसेना. त्याने मागे वळून मामाकडे पाहिलं. आणि माझा भाऊ हसत म्हणाला, 'नवी आहे, लाजते. जोर लाव.' त्याने जोर लावला. ती गोळी सुटली कशीबशी. पुढच्या गोळीला ते झालं.

दवाखान्यात नेताना गाडीत अस्लाकने त्याचा हात धरला आणि सांगितलं, कोणाला बोलू नकोस, दुसऱ्याला काडतूस दिलं म्हणून मंडळ मला वर्षभर बंदी घालील, आणि या वर्षी संघात जायची शेवटची संधी आहे. डोळा बांधलेल्या पोराने शब्द दिला.

मला कळलं तेव्हा मी अस्लाकला फोन केला. तो रडला. म्हणाला, ताई, जूनची निवड होईपर्यंत फक्त, मग मी गुन्वोरला सगळं सांगेन. आई आजारी होती तेव्हापासून मी त्याचं नाक पुसत आले आहे, गुन्वोर. त्याला रडताना ऐकलं की माझं डोकं चालत नाही. म्हणून ते चीज.

तू माझ्या मुलाचं नाव घेणार असं लिहिलंस आणि माझं डोकं चालायला लागलं. एवढंच. यात माझी शोभा नाही हे मला कळतं. शनिवारी काय करायचं ते तू ठरव. मी त्याला कळवलेलं नाही की मी तुला कळवलंय.

तुरबोर्ग


लियाविक
२७ मे १९७४

वन्सं,

पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. मी ते वाचून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि मासे तळले. अस्लाक जेवला, भांडी घासायला उठला. मी म्हटलं, बस, आज मी घासते. तो घाबरला.

मी त्याला काही बोलले नाही. शनिवारपर्यंत त्याला वेळ होता, आणि तो वेळ मला त्याच्याकडून हिरावून घ्यायचा नव्हता. गुरुवारी स्वर्गारोहणाचा दिवस, प्रार्थनाघरात तो माझ्याशेजारी बसून गीताची चारही कडवी मोठ्याने गायला. वन्सं, तुमच्या भावाचा आवाज चांगला आहे. मला इतका संताप आला की पुस्तकातली ओळ दिसेना. शुक्रवारी रात्री त्याने दिवा मालवताना विचारलं, उद्या तू येणार नाहीस ना? मी म्हटलं, कॉफी कोण करणार? यावर तो काही बोलेल म्हणून मी जागी राहिले. तो झोपला.

सभेला हॉल भरला होता. तिसरा विषय आमचा. ब्रिन्युल्फने चष्मा लावून ठराव वाचला, त्यात माझं नाव दोनदा होतं. मी किटली खाली ठेवली आणि बोलायची परवानगी मागितली. तो म्हणाला, 'सभेत सदस्यच बोलू शकतात, गुन्वोरबाई, नियम आहे.' मी म्हटलं, नियम असेल तर पाळायलाच हवा, मग सदस्याला बोलू द्या.

मी तिथूनच विचारलं, 'अस्लाक, डबी स्टाइनारच्या हातात कोणी दिली?'

तो टेबलाकडे बघत होता. त्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या एरलिंगने खुर्ची थोडी बाजूला सरकवली, जसं माणूस जागा करून देतो. मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलेलं पुरे असतं, हॉल लहान आहे.

तो उभा राहिला आणि म्हणाला, 'मी.'

'बोल्ट बसेना तेव्हा तू त्याला काय सांगितलंस?'

तो म्हणाला, 'जोर लाव म्हटलं.'

वन्सं, त्या हॉलमध्ये सगळे रायफलवाले. बोल्ट बसत नसेल तर हात काढून घ्यायचा, काडतूस बाहेर घ्यायचं, हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक आहे. सगळ्यांची तोंडं माझ्याकडून त्याच्याकडे वळली. पाच आठवडे ती माझ्याकडे होती.

ब्रिन्युल्फला घाई झाली. म्हणाला, छान, म्हणजे गैरसमज होता, ठराव मागे, पुढचा विषय घेऊ. मी म्हटलं, गैरसमज नव्हता. अपघात झाल्याचं सगळ्यांना बरोबर समजलं होतं, फक्त दोषी कोणाला धरायचं ते तुम्ही आधी ठरवलं होतंत. ज्या वहीत माझं नाव जाणार होतं, त्याच वहीत आता लिहा की काडतुसांत दोष नव्हता, ती दुसऱ्या रायफलीसाठी दिली गेली, आणि देणारा कोण. तो म्हणाला, घरातल्या माणसाचं नाव कशाला? मी म्हटलं, दहा मिनिटांपूर्वी घरातल्या बाईचं चालत होतं.

मग एरलिंग म्हणाला, 'लिही रे, ब्रिन्युल्फ.' त्याने लिहिलं. मी किटली घेऊन शेजारी उभी राहिले आणि वाचून घेतलं. एक शब्द बदलायला लावला. अस्लाकला वर्षभर बंदी झाली, त्याने स्वतःच हात वर करून बंदीच्या बाजूने मत दिलं. एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं.

आम्ही घरी चालत आलो. फाटकापाशी तो म्हणाला, सगळ्यांसमोर विचारलंस, गुन्वोर. घरी विचारायचं होतंस.

मी म्हटलं, 'घरी विचारलं होतं. घरी तू माहीत नाही म्हणालास.'

काल रविवारी मी त्याला क्षमा केली. गुडघे टेकून केली, मनापासून, आणि तसं देवाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगीन. क्षमा करणं हे माझं काम होतं, ते मी केलं. त्याला बरं वाटायला लावणं हे कोणाचं काम आहे ते अजून मला नीट कळलेलं नाही. आज सकाळी त्याने मला विचारलं की पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी भरेन का. मी म्हटलं, आधी पुंगळ्या घासायला शीक. दुपारभर तो अंगणात बादली घेऊन बसला आहे. चांगलं घासत नाही, पण बसला आहे.

शिवणमंडळातून निरोप आला, चादर उद्या माझ्या खुर्चीपासून सुरू करायची. मी जाईन. मिशनचं काम आहे, त्यांच्यासाठी नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही दहा दिवस गप्प राहिलात याचा राग मला आहे आणि तो बराच काळ राहील असं दिसतं. पण स्टाइनारचं नाव मी भर सभेत चोर म्हणून घ्यायला निघाले होते, आणि तेही तुमच्याच पत्राने थांबलं. ते झालं असतं तर मला कुठे तोंड दाखवता आलं असतं? म्हणून चीज कापलं. चांगलं आहे.

स्टाइनारला नवा चष्मा आला की इकडे पाठवा. रायफल घेऊन यायला सांगा, रिकामी. तिच्या नळीचं माप मी स्वतः घेईन आणि तिच्यासाठी भरून देईन, फक्त तिच्यासाठी, झाकणावर ठळक नावानिशी. तुम्हीही या त्याच्याबरोबर. मामा भेटेल, त्याला आता सगळे रविवार मोकळे आहेत. प्रार्थनाघरात माझ्या उजवीकडे जागा आहे, डावीकडे तो असतो.

गुन्वोर